सासूबाई, दोन पोरं आणि एक पिकअप: थरच्या वाळूत मुक्कामाला जायचं असेल तर

आम्ही विट्याचे. घरात यंत्रमाग, त्यामुळे धूळ अंगाला नवी नाही, पण वाळूशी कधी गाठ पडली नव्हती. नवऱ्याने जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी पिकअप घेतली आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात जैसलमेर घुसलं. सासूबाईंचा ठाम विरोध होता. "पैसे घालून उन्हात तडफडायला कशाला जायचं? आटपाडीचं माळ काय वाईट आहे?" मग कुणीतरी त्यांना तनोटमातेचं सांगितलं. १९६५च्या लढाईत देवळाच्या आवारात पडलेले तोफगोळे फुटलेच नाहीत, ही गोष्ट. त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मीपण येणार."

आतापर्यंत दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला करता येतील तेवढ्या चुका केल्या, दुसऱ्या खेपेला चार रात्री वाळूत सुखाने झोपलो. आता ओळखीपाळखीतली माणसं विचारायला लागली आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पिकअप, पोरं आणि वयस्क माणूस एकत्र नेणाऱ्यांसाठी हे आहे. टेकड्यांवरून गाडी उडवण्याची हौस असेल तर पुढचं वाचू नका, तुम्हाला कंटाळा येईल.

१. आधी गाडीची पाटी बघा

पिकअपमध्ये दोन जाती आहेत. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या पांढऱ्या पाटीच्या, खाजगी नोंदणीच्या गाड्या. बोलेरो कॅम्पर, बोलेरो पिकअप या पिवळ्या पाटीच्या, म्हणजे मालवाहू. पिवळ्या पाटीची गाडी घरची असली तरी ती सहलीला नेण्याआधी विमा एजंटाला लेखी विचारा: केबिनमधल्या माणसांना विमा आहे का, किती जणांना आहे. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिटातून सूट असते, त्यावरच्या गाडीला परराज्यात जायला नॅशनल परमिट लागतो. वजनाचा आकडा आरसीवर छापलेला असतो.

चालत्या गाडीच्या हौद्यात माणूस बसवायचा नाही, मग पाटी कुठल्याही रंगाची असो. आपल्याकडे लग्नाला, जत्रेला सर्रास बसतात, हे मलाही माहीत आहे. तरीही नाही.

गाडी फोर बाय फोर नसेल तरी जाता येतं, फक्त डांबरी रस्ता आणि घट्ट मातीची वाट सोडायची नाही. मुक्काम तेवढ्यावरही छान होतो.

२. कधी जायचं

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. दिवाळीच्या सुट्टीत दुपारचं ऊन अजून चांगलंच पोळतं. नाताळच्या आठवड्यात सम गावाजवळ लग्नाच्या हॉलबाहेर असते तशी गर्दी. आम्ही दोन्ही वेळा संक्रांत करून निघालो; शाळेत अर्ज दिला, बोलणी खाल्ली. उन्हाळ्याचा विचारही नको. देशातलं ५१ अंशांचं विक्रमी तापमान याच पट्ट्यातल्या फलोदीत १९ मे २०१६ला नोंदलं गेलं होतं.

दहा दिवस धरा: तीन जायला, चार तिथे, तीन यायला. सात दिवसांत बसवायला गेलात तर सगळा वेळ गाडीतच जाईल आणि पोरं तुम्हाला आयुष्यभर ऐकवतील.

३. कागद

- आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकरमधलं चालतं, पण सीमेकडे रेंज नसते. छापील प्रत ठेवाच.
- प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड, पोरांचंसुद्धा. सीमेच्या बाजूला वाटेत विचारतात.
- गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं सहीचं पत्र.
- म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.
- महत्त्वाचे फोन नंबर वहीत. मोबाईल बंद पडला की नवऱ्याचा नंबरही पाठ नसतो.

तीन गोष्टी घरीच ठेवा. एक, सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र; दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे, आणि सीमेजवळ सापडलं तर प्रकरण फार वाढतं. दोन, ड्रोन. तीन, बाटली. वाटेत अख्खं गुजरात आडवं आहे आणि तिथे दारूबंदी आहे. "डिकीत खाली ठेवली तर कोण बघतंय" म्हणणारा एक तरी मित्र भेटतो. त्याला सोबत नेऊ नका.

४. रोटर मारलेल्या रानात सराव

वाळूत पहिल्यांदा गाडी घालायची ती जैसलमेरला, ही आमची पहिली चूक. सराव इथेच करून घ्या. फक्त माणगंगेच्या किंवा येरळेच्या पात्रात उतरू नका. रिकामी पिकअप, हौद्यात फावडी, आणि तुम्ही नदीच्या वाळूत पुढे-मागे करताय. महसूलच्या पथकाला तुम्ही कोण वाटाल ते सांगायला नको.

त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून नुकतं रोटर मारलेलं, कोरडं रान बघा. भुसभुशीत मातीत चाक बरंचसं वाळूसारखंच वागतं. आधी नेहमीच्या हवेवर गाडी घाला, कुठे बसते ते बघा. मग हवा कमी करून त्याच जागेवरून काढा. तो फरक स्वतः अनुभवला की पुढचं निम्मं काम झालं. घरातल्या दुसऱ्या माणसानेही स्टिअरिंग धरायला शिकायचं. मी तिथेच शिकले, आणि दुसऱ्या खेपेला अडकलेली गाडी मीच बाहेर काढली. हे इथे लिहिण्याची संधी मी सोडणार नव्हते.

५. सामान, आणि त्याचं वजन

हवेसाठी:
- टायरमधली हवा मोजायचं गेज. दोन घ्या, एक वाळूत हरवतं.
- बॅटरीला चिमट्याने जोडता येणारा कॉम्प्रेसर. सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचा कॉम्प्रेसर मोठ्या टायरला पुरत नाही. आमचा दुसऱ्या चाकालाच फ्यूज उडाला होता.
- ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि पूर्ण मापाची स्टेपनी.

सुटकेसाठी:
- दोन फावडी. घडीचं गोंडस फावडं नको, रानात वापरतो ते.
- चाकाखाली घालायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, वर चारपाच गोणपाटं.
- जॅक आणि त्याखाली ठेवायला दीड फुटाची जाड फळी. फळीशिवाय जॅक वाळूत खाली जातो, गाडी वर येत नाही.
- ओढायची रस्सी आणि ती गाडीला अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या).

मुक्कामासाठी:
- ताडपत्री, मार्केट यार्डात हळदीवर टाकतात तसली जाड.
- तंबू, गाद्या, घोंगड्या, स्वेटर, कानटोप्या.
- पाच किलोची गॅसटाकी आणि शेगडी.
- बॅटऱ्या, शिट्ट्या, प्रथमोपचार पेटी.
- प्लास्टिकची कमोड खुर्ची. याबद्दल पुढे.

तंबूचे खुंटे वाळूत धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी फूटभर पुरायची. ऑनलाइन मागवलेल्या आमच्या पहिल्या तंबूचे बांबू पहिल्याच रात्री वाऱ्याने मोडले. तंबू कुठलाही घ्या, पण जायच्या आधी गच्चीवर एकदा लावून बघा.

डबल केबिन पिकअपचा हौदा पाच फुटांच्या आसपास असतो, म्हणजे मोठा माणूस फाळका लावून सरळ झोपू शकत नाही. आम्ही एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पाइपची चौकट करून घेतली. फाळका खाली टाकला की चौकट त्यावर टेकते, वर प्लायवूड, वर गादी, आणि झोपायला साडेसहा फूट मिळतात. चौकट नटबोल्टने निघणारी हवी. गाडीला वेल्डिंग करून कायमचे बदल केले की आरटीओ आणि विमा दोन्हीकडे अडचण येते.

आता वजनाबद्दल. पहिल्या खेपेला आम्ही घरचा ओटा उचलून नेला होता: मिक्सर, खुर्च्या, दोन कुकर, इस्त्री. (इस्त्री कुणी भरली हे अजून कुणी कबूल करत नाही.) वाळूत प्रत्येक किलो चाक खाली ओढतो. जड सामान हौद्यात तळाला, केबिनला चिकटून. टपावर फक्त गाद्यांसारखं हलकं. हौद्यातली प्रत्येक वस्तू पट्ट्याने बांधा.

६. पाणी आणि जेवण

पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज आठ लिटर धरा. पाच माणसं, तीन दिवस म्हणजे १२० लिटर, वीस लिटरचे सहा जार. पाण्याचा बोजा वाटतो, पण कमी करायचा असेल तर दुसरं काही कमी करा. सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नका; एक फुटली तरी बाकीचं राहिलं पाहिजे. भांडी आधी वाळूने घासायची, मग फडक्याने पुसायची, मग वाटीभर पाण्यात खळबळायची. हे सासूबाईंनी शिकवलं. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला पाणी कसं पुरवायचं ते वेगळं शिकवावं लागत नाही.

पहिल्या दोन दिवसांसाठी घरून धपाटे, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. सांगलीचं भडंग पाच किलो न्या, दोन किलो पुरत नाही; वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस मूठभर मागतो. रात्री पिठलं किंवा खिचडी, एका भांड्यात होईल ते. बाजरीचं पीठ, भाज्या, दूध जैसलमेरला मिळतं.

लाकूड तोडून शेकोटी करायची नाही. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो तीच. याच झाडासाठी १७३०मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात ३६३ बिश्नोई माणसांनी जीव दिला. तिथे फांदीला कुऱ्हाड लावलीत तर लोक चिडतील आणि त्यांचं बरोबर असेल. शेकायचं असेल तर जैसलमेरच्या वखारीतून मोळी विकत घ्या.

७. वाट

विट्याहून जैसलमेर एका बाजूने सुमारे १,४०० किलोमीटर. पहिला मुक्काम वापी-सुरतकडे, दुसरा अहमदाबादच्या पुढे पालनपूरला, तिसऱ्या दिवशी सांचोर, बाडमेर करत जैसलमेर. आमची गाडी सामानासकट लिटरला ११ देते. जाऊन, येऊन, फिरून ३,३०० किलोमीटर झाले, म्हणजे ३०० लिटर डिझेल. त्यावरून तुमचा हिशेब लावा.

खानापूर-आटपाडीकडच्या वाचकांना एक सोय आहे. आपली गलाईची माणसं देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात गावातला कुणी ना कुणी प्रत्येक मोठ्या शहरात सापडतो. गावात विचारून नंबर घेऊन ठेवा. अहमदाबादेत आम्ही अशाच एका घरी उतरलो. कधी न भेटलेल्या त्या वहिनींनी रात्री दहाला गरम भाकरी आणि झुणका वाढला आणि सकाळी डबा भरून दिला.

रात्री गाडी चालवू नका. बाडमेरच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा आहे, म्हणून वेग वाढतो, आणि मग समोर उंट किंवा गाय उभी असते.

८. कुठे थांबायचं, कुठे नाही

वाळवंट मोकळं दिसतं, पण ते कुणाचं ना कुणाचं असतं.

सम आणि खुरीच्या आसपासचा मोठा पट्टा डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो. तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं हे उद्यान माळढोक पक्ष्याचं शेवटचं मोठं घर आहे. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य केलं, पण आता तिथे पक्षी दिसणं दुर्मीळ. हा पक्षी जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच. उद्यानात परवानगीशिवाय गाडी आत घालायची नाही आणि मुक्काम तर नाहीच.

ओरण म्हणजे त्यांची देवराई. देवाच्या नावाने राखलेलं रान, गुरं चरतात, झाड तोडत नाहीत. विचारल्याशिवाय तिथे तंबू ठोकू नका.

पोखरणकडे लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाची मैदानं आहेत. फलक आणि तारा दिसल्या की वळायचं. वाळूत पडलेला लोखंडाचा तुकडा पोरांनी उचलायचा नाही, हे निघताना आणि तिथे पोचल्यावर असं दोनदा बजावा.

मग थांबायचं कुठे? ढाणीत विचारून. ढाणी म्हणजे आपल्याकडची मळ्यातली वस्ती, चारपाच घरं. गाडी लांब उभी करा, एकट्याने चालत जा, शक्यतो बाईने पुढे व्हावं, "राम राम" म्हणा, कुठून आलो ते सांगा आणि जागा विचारा. आम्हाला दोन्ही वेळा कुणी नाही म्हटलं नाही. पैसे घ्यायला लाजतात. रात्रीचे ठरवून द्या, वर त्यांच्याकडून दूध घ्या. आम्ही ढाणीतल्याच एकाला रोजावर वाटाड्या म्हणून गाडीत घेतलं. गाडीवर आणि सामानावर जेवढा खर्च केला त्यात सगळ्यात वसूल झालेला पैसा तोच. नकाशात दिसणारी वाट म्हणजे कधी कधी शेळ्यांची पाऊलवाट असते, हे त्याला माहीत असतं, मोबाईलला नसतं. तरी नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. रेंज गेली तरी जीपीएस चालतं.

९. वाळूत गाडी: हवा कमी, हाव कमी

डांबर सोडण्यापूर्वी थांबा आणि हवा सोडा. आमच्या गाडीत रस्त्यावर ३४ पीएसआय असते. वाळूत १८, फारच भुसभुशीत असेल तर १५. उंटाचा पाय बघा, पसरट गादीसारखा. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतं, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक खाली जात नाही. १२च्या खाली जाऊ नका. वळताना टायर रिमवरून सुटतं.

मग फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी), दुसरा किंवा तिसरा गिअर, एकसारखा वेग. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर नेमकी ताकद हवी तेव्हा गाडी इंजिनचा गळा धरते. ब्रेक मारू नका, एक्सलेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्या. ब्रेक मारला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग होतो. थांबायचं ते उतारावर, नाक खाली करून. वळण मोठं घ्या.

टेकडी चढायची तर सरळ, उतरायची तर सरळ. तिरकी नेली की गाडी उलटते. वाऱ्याकडची बाजू सपाट आणि घट्ट असते, पलीकडची अंगावर येईल अशी उभी, आणि वर पोचेपर्यंत पलीकडे काय आहे ते दिसत नाही. म्हणून आधी चालत वर जाऊन बघा. चढ अर्ध्यात संपला तर वळवायचा प्रयत्न न करता रिव्हर्स टाकून आल्या चाकोरीतून सरळ खाली या. खरं सांगायचं तर कुटुंब गाडीत असताना टेकड्या चढायची गरजच नाही. दोन टेकड्यांमधल्या सपाटीवरून जा. नवऱ्याला पहिल्या दिवशी "एवढी एकच चढतो" असं वाटलं होतं.

सकाळी दंवाने वाळू जरा दाबलेली असते, दुपारी भुसभुशीत होते. जायचं-यायचं सकाळी ठेवा.

डांबरावर आल्यावर पुन्हा टू व्हीलवर, म्हणजे दोनच चाकांच्या ताकदीवर या आणि लगेच हवा भरा. अर्धी हवा असताना ऐंशीने पळवली तर टायर तापून फाटतं. फोर हायमध्येच डांबरावरून गेलो तर काय होतं तेही आम्ही करून पाहिलंय: वळणावर चाकं कुरकुरतात आणि गाडी आतून आवळल्यासारखी चालते.

१०. अडकलात

अडकणारच. पहिलं काम म्हणजे एक्सलेटरवरून पाय काढा. नवऱ्याने "अजून थोडं, निघतेय" म्हणत दीड मिनिट चाकं फिरवली आणि गाडी पोटावर बसली. संध्याकाळचे पाच, सासूबाई आत बसून रामरक्षा म्हणतायत.

सगळ्यांना उतरवा. चाकांच्या पुढची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढा. पोटाखालची लोक विसरतात. हवा आणखी दोनतीन पीएसआयने कमी करा. ज्या बाजूला उतार आहे त्या बाजूने काढा, बहुतेक वेळा ती मागचीच असते. पट्ट्या किंवा गोणपाटं चाकाला चिकटवून घाला आणि गाडी हळूच काढा. पट्टीमागे माणूस उभा ठेवू नका, ती गोळीसारखी मागे उडते.

दुसऱ्या गाडीने ओढायचं तर रस्सी चॅसीच्या हुकालाच. बंपरला नाही, ट्रॉली ओढायच्या गोळ्याला तर मुळीच नाही. तो तुटून उडाला तर माणूस जातो. बाकीच्यांनी रस्सीच्या दीडपट लांब उभं राहायचं.

आम्हाला शेवटी ढाणीतल्या ट्रॅक्टरने काढलं. ट्रॅक्टरवाल्याने पैसे सांगितले नाहीत, भडंग घेतलं. म्हणून नियम असा की एकटी गाडी असेल तर डोळ्यांना वस्ती किंवा रस्ता दिसतोय तेवढंच आत जायचं. पाण्याचा एक जार आणि टोप्या कायम केबिनमध्ये. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते.

११. मुक्कामाची जागा आणि रात्र

दुपारी तीनला जागा शोधायला लागा. जानेवारीत सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि अंधार झपकन पडतो. तोपर्यंत तंबू उभा, गाद्या अंथरलेल्या आणि भात शिजायला ठेवलेला पाहिजे. आमची जेवढी भांडणं झाली तेवढी अंधारात तंबू लावताना झाली.

जागा दोन टेकड्यांमधली सपाट, घट्ट. माथ्यावर फोटो छान येतो, पण रात्रभर वारा आणि तोंडात वाळू. झुडपांपासून आणि बिळांपासून लांब. गाडी वाऱ्याला आडवी लावा, ताडपत्री तिला बांधा, आडोशाला स्वयंपाक.

सासूबाई आणि पोरं हौद्यात झोपली, आम्ही दोघं तंबूत. जमिनीवर उघड्यावर झोपायचं नाही. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते ते बहुतेक जमिनीवरच. फुरसं तर आपल्या कोयना-कोकणापासून या वाळूपर्यंत सगळीकडे आहे, वाळूत अंग बुडवून बसतं. थंडीत साप कमी फिरतात, पण अंधारात बॅटरी आणि बूट याशिवाय कुणी खाली पाय ठेवायचा नाही. सकाळी बूट झटकून घाला. चावलाच तर ब्लेड, दोरी, चोखणं काही नाही. तो अवयव न हलवता थेट जिल्हा रुग्णालय, फोन ११२ किंवा १०८.

जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मात्र जरूर घ्या. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपण्यापूर्वी तंबूभोवती एक चक्कर मारायचं काम धाकट्याकडे दिलं होतं. त्याला ते अख्ख्या सहलीतलं सगळ्यात आवडलं. पहिल्या रात्री एक सापडला, त्यानंतर सासूबाई हौद्यातून उतरताना आधी त्याला हाक मारायच्या.

थंडी हलकी घेऊ नका. दिवसा अर्ध्या बाह्यांत फिरता, रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. अंगाखालची गादी पांघरुणापेक्षा महत्त्वाची, थंडी खालून चढते. तंबूत किंवा बंद गाडीत गॅसची शेगडी, निखारे काही पेटतं ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

आता कमोड खुर्ची. बायकांनी सहलीला नाही म्हणण्याचं खरं कारण हेच असतं, आणि ते कुणी बोलत नाही. गाडीपासून पन्नासेक पावलांवर वीतभर खोल खड्डा, त्यावर खुर्ची, भोवती चार काठ्यांना जुनी चादर. बाजूला फावडं आणि बॅटरी. प्रत्येकाने आपली वाळू आपण टाकायची. ओले रुमाल आणि पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत न्यायचे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही खुर्ची नसेल तर ते माणूस पाणीच पिणं सोडतं, आणि मग दवाखाना. आमचं पहिल्या खेपेला तसंच झालं होतं.

भुरट नावाचं काटेरी बी मोज्यांना, स्वेटरना चिकटतं आणि निघता निघत नाही. लोकरीचे मोजे टाळा, पोरांना जीन्स घाला. पोरांच्या गळ्यात शिट्टी: वाट चुकली तर आहे तिथेच बसायचं आणि वाजवायची.

१२. तनोट आणि लोंगेवाला

हे डांबरी रस्त्याने, एका दिवसात. जैसलमेरहून रामगढ, तिथे टाकी भरा, पुढे पंप शोधत बसू नका. जैसलमेर ते तनोट सुमारे १२० किलोमीटर. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे. न फुटलेले गोळे काचेच्या कपाटात ठेवले आहेत. सासूबाईंनी एकेक मोजला. तिथून लोंगेवाला, डिसेंबर १९७१च्या लढाईचं ठिकाण, पाकिस्तानी रणगाडे अजून उभे आहेत.

तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायला बीएसएफची परवानगी लागते. सीमेलगतच्या पट्ट्यात रात्री फिरायला बंदीचे आदेश निघत असतात, म्हणून तंबूचं नावही काढू नका, अंधाराआधी परत या. जवान किंवा चौकी यांचा फोटो विचारल्याशिवाय नाही. देवळाबाहेर एका जवानाने पाटी वाचून विचारलं, "एमएच दहा म्हणजे सांगली ना?" तो माण तालुक्यातला निघाला. डब्यात उरलेला तिळगूळ तिथे संपला.

१३. परत आल्यावर

निघण्याआधी जागेवर एक फेरी मारा, कचरा पिशवीत घ्या. रस्त्याला लागल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट तपासा.

घरी आल्यावर एअर फिल्टर काढून झटका, नाहीतर बदला, एसीचा फिल्टरही. गाडी रॅम्पवर चढवून खालून धुऊन घ्या. ब्रेकची वाळू काढायला सांगा, नाहीतर महिनाभर खरखर येते. हौद्याच्या सांध्यात, सीटच्या रुळांत, कुकरच्या शिट्टीत वाळू सापडत राहील. आमच्या गाडीत एसी सुरू केला की अजून पहिली चिमूट सासूबाईंच्या मांडीवर पडते, आणि त्या ती झटकत नाहीत.